माहीत असलेल्या वाटेचे प्रवासवर्णन

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, फलटण, बरड करीत धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात येते. पुढे नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरपूर. मुक्कामांची ही यादी आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. सदाशिवनगरचे रिंगण, खुडूसचे रिंगण, वेळापूरच्या अलीकडचा तुकोबांच्या नावाचा धावा, बाजीरावाची विहीर : कोणत्या तिथीला कुठे काय होणार हे आधीच ठरलेले. या वाटेवर एकच गोष्ट नक्की नसते, ती म्हणजे पाऊस.

प्रवासवर्णनाची आपल्या पाठ्यपुस्तकांतली व्याख्या अशी, की अपरिचित प्रदेशाचा परिचय करून देणारे लेखन ते प्रवासवर्णन. ही व्याख्या खरी धरली तर आळंदी-पंढरपूर वाटेवर प्रवासवर्णन लिहिताच येऊ नये. वाट माहीत, शेवट माहीत, शेवटी कोण विटेवर उभे आहे तेही माहीत. तरीही मराठीत गेल्या पाऊणशे वर्षांत जे प्रवासलेखन पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते त्यात याच वाटेवरची दोन पुस्तकी प्रकरणे मी फार वर ठेवतो. एक इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ (१९४९) मधला ‘वाटचाल’ हा लेख आणि दुसरे दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४) हे पुस्तक. ती का टिकली याचा शोध घेतला, तर प्रवासाची गोष्ट वाचकाला कशाने धरून ठेवते याचेही उत्तर हाती लागेल, असे मला वाटते.

हा प्रश्न मला का पडला ते सांगतो. गेली काही वर्षे प्रवासलेखनाच्या एका लहानशा स्पर्धेचे लेख वाचण्याचे काम माझ्याकडे येते. लिहिणारी माणसे मन लावून लिहितात. पण लेखामागून लेख एकाच जागी सुरू होतात : पहाटे तीन वाजता विमानतळावर, बॅगेचे वजन जास्त भरलेले आणि बरोबर चकल्यांचा डबा. मग हॉटेलची खोली, मग गाइडने सांगितलेली सनावळी, मग ‘निसर्गाने मुक्तहस्ताने उधळण केली आहे’. शेवटी घरच्या वरणभाताची आठवण. माहिती बहुधा बरोबर असते, भाषाही शुद्ध असते. पण दुसरे पान उलटावे असे पहिल्या पानात काही नसते. लेखक निघतो आणि पोचतो. मध्ये त्याचे काहीच अडत नाही.

अडणे हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. मराठीतले अगदी जुने प्रवासकथन पाहा. नामदेवांच्या नावावर असलेली ‘तीर्थावळी’ (ती सगळी नामदेवांचीच का, यावर अभ्यासकांत वाद आहे) सुरू होते तीच अडण्यापासून. ज्ञानदेव तीर्थयात्रेला चला म्हणतात आणि नामदेवांचा पाय पंढरपुरातून निघत नाही. ज्याला जायचेच नाही अशा माणसाचा हा प्रवास आहे. पुढे वाळवंटातल्या त्या विहिरीचा प्रसंग येतो. दोघांनाही तहान लागलेली, पाणी खोल. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म होऊन खाली उतरतात आणि पाणी पिऊन येतात. नामदेव काठावर बसून विठ्ठलाला हाका मारतात आणि विहीर भरून वाहू लागते. चमत्कार घटकाभर बाजूला ठेवू. एकच तहान दोन माणसांना दोन तऱ्हांनी लागली, एवढ्यावर तो प्रसंग उभा आहे. स्थळाचे वर्णन जवळजवळ नाहीच. तरीही वारकऱ्यांच्या कीर्तनांतून ती विहीर आजवर आटलेली नाही.

‘तीर्थावळी’चा शेवटही पाहण्यासारखा आहे. यात्रेहून परतल्यावर पंढरपुरात मावंदे होते. काशीहून आलेल्या माणसाने गावजेवण घालायचे, आणलेली गंगा वाटायची, ही आपल्याकडची जुनी रीत. जो गेला त्याच्यावर न गेलेल्यांचे देणे असते, असा तिचा अर्थ. मराठी प्रवासवर्णन मला या मावंद्याच्या घराण्यातले वाटते. पंगतीला बसलेल्याला तुम्ही किती देवळे पाहिली याची यादी नको असते. त्याला त्याच्या पानावर काहीतरी पडायला हवे असते.

विष्णुभट गोडसे वरसईकरांनी हे मावंदे फार उशिरा घातले. १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक बंडाच्या ऐन धुमाळीत सापडला, झाशीच्या वेढ्यात अडकला, लुटला गेला आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईला परतला. ‘माझा प्रवास’ छापून आले ते १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या हातून. वैद्यांनी त्यात बऱ्याच दुरुस्त्या केल्या होत्या. मूळ बखर त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी, १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केली. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचण्याचा उद्योग प्रवासलेखन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने एकदा करावा. वैद्यांना इतिहास हवा होता, आणि त्यांच्या काळाचा विचार करता त्यात गैर काही नव्हते. पण गोडसे भटजींचे बळ इतिहासात नाही. आज कुठे जेवलो, दक्षिणा किती मिळाली, कोणत्या क्षणी पोटात भीतीचा गोळा आला, हे सांगणाऱ्या घरगुती बोलीत ते आहे. राणीला पाहिलेला माणूस म्हणून आपण त्यांच्याकडे जातो, आणि दक्षिणेचा हिशेब ठेवणारा एक घाबरलेला माणूस म्हणून ते लक्षात राहतात.

पुढच्या काळाचा आढावा इथे विस्ताराने घेण्याचे कारण नाही. त्यावर प्रबंध झाले आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच ‘लोकस्थिति’ आधी आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर आहे. काय पाहायचे हे ठरवून गेलेल्या बाईंचे ते पुस्तक आहे. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) पासून आधुनिक मराठी प्रवासवर्णनाची सुरुवात मानतात. त्याचे कारण शैलीइतकेच त्या शीर्षकातही आहे : धुके आणि तारा यांच्यामध्ये लेखकाची एक ओढ ताणलेली आहे. गंगाधर गाडगीळांनी कथाकाराची नजर आणली. आणि मग १९६० साली ‘अपूर्वाई’ आली.

‘अपूर्वाई’ने मराठी प्रवासवर्णनाचे जेवढे भले केले तेवढेच, नकळत, नुकसानही केले असे माझे मत आहे. भले यासाठी की पु. ल. देशपांड्यांनी विलायतेला निघालेला मध्यमवर्गीय मराठी माणूसच विनोदाचा विषय केला. साहेबाला हसण्याआधी ते स्वतःला हसले. नुकसान अनुकरण करणाऱ्यांनी केले. स्वतःला हसण्यामागे पु. लं.ची गाण्याची, नाटकाची, माणसांची जाण होती. ती बाजूला राहिली आणि उरला तो काटा-चमचा धरता न येण्याचा विनोद. पुढची तीस-चाळीस वर्षे मराठी प्रवासी परदेशात जाऊन काटा-चमचाच धरत राहिला. मीना प्रभु यांनी एकेका देशात मुक्काम टाकून, कसून माहिती गोळा करून या साच्याला वळण दिले खरे. पण त्यांच्या वाटेने जाणाऱ्यांनी पुन्हा त्यांची मेहनत सोडून माहितीच उचलली. आणि माहिती आता मोबाइलवर फुकट मिळते.

म्हणून मी माहीत असलेल्या वाटेकडे येतो. तिथे माहितीचा आधारच नाही. पंढरपूर किती मैल, हे सांगून कोणाचे कुतूहल जागे होणार?

इरावतीबाई डेक्कन कॉलेजातल्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. माणसे मोजणे, त्यांच्या जाती-नात्यांच्या नोंदी करणे हा त्यांचा व्यवसाय. फ्रेंच जेझुइट अभ्यासक देलरी यांचा विठोबाच्या संप्रदायावरचा ग्रंथही पुढे १९६० मध्ये डेक्कन कॉलेजनेच काढला. दिंड्यांचा क्रम, त्यांची व्यवस्था, संप्रदायाचा इतिहास यांसाठी तो आजही उघडावा लागतो. ‘वाटचाल’ त्या जातीचे लेखन नाही. बाई दिंडीबरोबर चालल्या आणि त्यांना पहिल्यांदा बोचले ते हे, की सबंध दिवस एका सुरात अभंग म्हणणारी माणसे मुक्कामाला आल्यावर वेगळी होतात. ब्राह्मण बायकांचा स्वयंपाक वेगळा, मराठा बायकांचा वेगळा. ही नोंद कोणत्याही अभ्यासकाने केली असती. इरावतीबाई नोंद करून थांबत नाहीत. संतांची वाणी एकत्र म्हणायची ती काय परलोकात एक होण्यासाठी, आणि इहलोकात वेगळेच राहण्यासाठी, असा प्रश्न त्या स्वतःला घालतात. आणि मग मराठा बायकांच्या पंगतीत जाऊन जेवतात.

इथून लेखाची चाल बदलते. जेवण झाल्यावर त्या बायका मोकळ्या होतात. बरोबर चालू लागतात, हात धरतात, घरचे सांगतात, ‘ताई’ म्हणू लागतात. एखाद्या सामान्य लेखकाने इथेच लेख संपवला असता : भिंत पडली, मने जुळली. पण पुढे काय होते? त्या बायका म्हणतात, आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ. आणि त्यांतली एक तरुण मुलगी विचारते, की तेव्हाही तुम्ही आमच्याशी आत्ता वागता तशाच वागाल का?

मला हा प्रश्न मराठी प्रवासवर्णनातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. तोवर बाई पाहत होत्या आणि दिंडी पाहिली जात होती. त्या एका वाक्याने ते उलटले. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांनीच लेखिकेच्या घराच्या दाराकडे बोट दाखवले. आणि बाईंची थोरवी ही, की त्यांनी तो प्रश्न छापला. प्रश्न जिव्हारी लागला असे म्हणून त्या थांबतात. आपण कशा वागलो असतो याचे प्रशस्तिपत्र स्वतःला देत नाहीत. महाराष्ट्राची जी नवी व्याख्या त्यांना या वाटेवर सापडली, ज्या देशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ती सभासंमेलनांत पुष्कळ वापरून झाली आहे. त्या मुलीचा प्रश्न मात्र भाषणात कोणी घेत नाही. तो सोयीचा नाही.

आता कारागिरीचा विचार करू. हा प्रसंग परिणाम करतो तो केवळ सत्य आहे म्हणून नव्हे. त्याआधीच्या पानांत बाईंनी स्वतःला दोन्ही गटांच्या मध्ये, कुठेच पूर्ण नसलेल्या जागी उभे केलेले असते. ब्राह्मण बायकांत त्या जन्माने, मराठा बायकांत पंगतीने. वाचकाला त्यांच्या पायाखालची जमीन अस्थिर आहे हे कळलेले असते. म्हणून प्रश्न आला तेव्हा तो कोठून आला ते सांगावे लागत नाही. स्पर्धेच्या लेखांत मला हेच सापडत नाही. लेखकाचा पाय कुठेही अस्थिर नसतो. तो ग्राहक म्हणून गेलेला असतो आणि ग्राहकाला कोणी असा प्रश्न विचारत नाही.

मोकाशींची तऱ्हा निराळी. ते पुण्यात रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करीत आणि उत्तम कथा लिहीत. ‘पालखी’त ते वारकरी म्हणून चालत नाहीत, आणि वारकऱ्यांना हसायला आलेला शहाणा शहरी माणूस म्हणूनही नाही. हे लोक का चालतात, हे त्यांना खरोखरच कळलेले नाही आणि कळून घ्यायचे आहे. नजर यंत्र उघडणाऱ्या माणसाची : कोणता भाग कशाला जोडला आहे ते पाहणारी. म्हणून पुस्तकात पाय दुखणे आहे, झोपायला जागा शोधणे आहे, रस्त्याकडेची दुकाने आहेत, ओळख झालेल्या माणसांच्या तुटक कहाण्या आहेत. वाक्ये लहान आहेत, विशेषणे मोजकी. हरिनामाच्या गजरात ‘आसमंत दुमदुमून गेला’ की पुढचे काही ऐकू येत नाही, हे त्यांना ठाऊक असावे.

या पुस्तकात गाठ कुठे आहे? पंढरपूर येणारच, तेव्हा पोचतील की नाही ही उत्कंठा नाही. या माणसाला कळेल की नाही, ही आहे. रोज तो थोडा जवळ जातो आणि रोज काहीतरी त्याला बाहेर ठेवते. श्रद्धा नसलेल्या वाचकाला तो आपला वाटतो. श्रद्धावानालाही तो परका वाटत नाही, कारण तो खोटे डोळे मिटत नाही. १९८७ मध्ये फिलिप एंगब्लोम यांनी ते इंग्रजीत नेले. विठोबा माहीत नसलेल्या वाचकांनीही ते वाचले, ते याच गाठीमुळे.

माझी मोकाशींबद्दल एक तक्रारही आहे. ते स्वतःला फारच सावरून धरतात. इरावतीबाईंसारखा तोल जाण्याचा क्षण त्यांच्याकडे मला सापडत नाही. माहिती विचारणाऱ्याला माणसे माहितीच देतात. जेवायला बसलेल्याला प्रश्न विचारतात. पण शे-दीडशे मैल चालून, रोज नव्या माणसांत झोपून, एकाही पानावर भाबडे किंवा हुशार न होणे हेसुद्धा सोपे नव्हे. मला विचाराल तर नव्या लेखकाने लिहायला ‘पालखी’पासून शिकावे आणि लाजायला ‘वाटचाल’पासून.

थोडे विषयांतर. सोलापुरात भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. आमच्या शहरातून सर्वांत दूर गेलेला माणूस कोण, तर तो. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारला. त्याची गोष्ट ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिली. तिचे इंग्रजी नावच ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’, एक जण परतला नाही, असे आहे. शांतारामबापूंचा चित्रपट त्यावरून निघाला. त्या स्मारकात उभे राहिले की वाटते, प्रवासवर्णन हा परतणाऱ्यांचा वाङ्मयप्रकार आहे. जो परतला नाही त्याचे दुसरे कोणी लिहिते. आणि जे येऊन इथेच राहिले त्यांचे? तेलंगणातून बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेल्या पद्मशाली विणकरांनी हे शहर विणले. त्या वाटेचे प्रवासवर्णन मराठीत मी अजून वाचलेले नाही. साखरपट्ट्यात दरवर्षी कोयता घेऊन उतरणाऱ्या तोडणी कामगारांचेही नाही. सुटीला जाणे म्हणजे प्रवास, अशी आपण या शब्दाची बोळवण करून टाकली आहे. मावंदे तेवढेच घालायचे, ज्याला परतीचे तिकीट आहे त्याने.

वारीवर अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. पालखीमार्ग रुंद झाला, उड्डाणपूल आले, दोन दिवस चालून परत जाणाऱ्यांच्या गाड्या आल्या. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही; दोन दिवस चालणाराही चालतोच. अडचण लिहिण्यात येते. सुरकुतलेल्या आजीच्या कपाळावरचा बुक्का, तिचे बोळके हसू, खाली दोन ओळी. आजीचे नाव नाही, गाव नाही, तिने या माणसाला काय विचारले ते नाही. तिने काही विचारले नसेल असे मला वाटत नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या पहिल्या दोन वाक्यांत ‘कुठलं गाव, पोरंबाळं किती’ विचारल्याशिवाय राहत नाहीत. तो प्रश्न गाळला की आजीचे चित्र उरते आणि लेखक सुखरूप राहतो.

मागच्या स्पर्धेत एक लेख आला होता. लिहिणारी कॉलेजातली मुलगी, पालखीमार्गावरच्या एका गावातली. त्यांच्या वाड्यात एक दिंडी आजोबांच्या वेळेपासून उतरते. लेख त्या एका रात्रीचा आणि दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंतचा. अंगणात किती चुली पेटतात, पाण्याचा टँकर कुठे उभा राहतो, रांगोळीवरून पहिली गाडी कोणाची जाते हे तिने लिहिले होते. मग एका म्हातारीची जागा. ती दरवर्षी ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात, दळणाच्या डब्याला टेकून झोपायची. यंदा ती आली नव्हती. विणेकऱ्यांना विचारायचे मुलीच्या आईला धाडस होईना, म्हणून तिने रात्री कोपरा झाडून तिथे घोंगडी अंथरून ठेवली आणि कोणाला तिथे झोपू दिले नाही. सकाळी दिंडी निघाल्यावर ती घोंगडी घडी न घालता दुपारपर्यंत तशीच होती. एवढाच लेख.

आम्हा तिघा परीक्षकांत त्यावर तासभर वाद झाला. लेखिका घराबाहेर पडलेली नाही, तेव्हा हे प्रवासवर्णन नव्हे, असे दोघांचे म्हणणे. मी ‘तीर्थावळी’ काढली, इरावतीबाईंची ती मुलगी काढली; वाट ज्यांच्या दारावरून जाते त्यांचा वाटेवर काही हक्क आहे की नाही, असे विचारले. नियमावली माझ्या बाजूने नव्हती. लेख ललित विभागात टाकला गेला आणि तिथे पानांच्या मर्यादेत बसत नाही म्हणून बाजूला राहिला. पहिले बक्षीस स्वित्झर्लंडला मिळाले. त्या लेखातही एक ओटा होता, हॉटेलच्या बाल्कनीचा, आणि तिथून दिसणाऱ्या बर्फाचे वर्णन निर्दोष होते.